व्हिक्टोरिया बाथ्स, मँचेस्टर : दारं तीन, पाणी एकच

आधीच सांगते, पोहायला मिळेल म्हणून जाऊ नका. मी पिशवीत टॉवेल घेऊन गेले होते. लेक म्हणत होती, अगं आई ते म्युझियमसारखं आहे, पाणी नाहीये तिथं, तर मी म्हटलं असू दे, नावात बाथ आहे आणि पाणी नाही असं कुठं असतंय का. असतंय. तीन तलाव, तिन्ही कोरडे ठणठणीत. आणि तरी दोन महिन्यांत इथं जे काय बघून झालं, राजवाडे, चर्चं, ते फुटबॉलचं स्टेडियम (ते जावयासाठी), त्या सगळ्यात हेच डोक्यात जास्त राहिलं म्हणून हा रिव्ह्यू. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आम्ही इचलकरंजीचे. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' हे शब्द लहानपणी निबंधात लिहिले, पुढं तेहतीस वर्षं मास्तरकी केली तेव्हा पोरांकडनंही लिहून घेतले, आणि खरं मँचेस्टर कसलं आहे ते ना मला माहीत ना पोरांना. आमच्या ह्यांचे आठ माग होते, आता विकले. विमानतळावरनं लेकीच्या घरी येताना गाडीतच विचारायला लागले, माग कुठल्या बाजूला आहेत, आवाज कसा नाही. जावई म्हणाला बाबा इथल्या गिरण्या कधीच बंद पडल्या, त्यांचे आता फ्लॅट झालेत. ह्यांनी पुढचा अर्धा तास तोंड उघडलं नाही. मुंबईच्या गिरणगावाचं आम्ही बघितलेलंच आहे, पण ज्याच्या नावावर आपलं गाव मोठं झालं तेच असं गप्प बसलेलं बघायचं म्हणजे जरा जडच जातं.

तर बाथ्स, म्हणजे जुनं सार्वजनिक न्हाणीघर. हॅदरसेज रोडवर आहे, शहराच्या मध्यापासून बसनं फार तर पंधरावीस मिनिटं. ऑक्सफर्ड रोडवरनं जाणारी पिवळी बस धरायची, मोठ्या हॉस्पिटलांपाशी उतरायचं आणि चालत जायचं. तिकीट लेकीनं आधीच ऑनलाइन काढलेलं. रोज उघडं नसतं, गाईडबरोबर फिरवायचे दिवस ठरलेले असतात, ते बघूनच निघा, नाहीतर बंद दाराचे फोटो काढून परत याल.

लांबनं इमारत बघितली तर कुणालाही वाटेल एखाद्या संस्थानिकाचा वाडा आहे. तांबड्या विटा, मधूनमधून पिवळसर टेराकोटाचे पट्टे, वर घड्याळाचा मनोरा, मागं धुराडं. १९०६ साली उघडलं, तेव्हाचे एकोणसाठ हजार पौंड खर्च करून. नगरपालिकेनं बांधलेलं न्हाणीघर! ह्यांनी लगेच आजचे किती ते मोबाईलवर हिशोब करायला घेतलं, मी म्हटलं राहू दे, आधी वर बघा. वर दगडात कोरलेली अक्षरं आहेत. तीन दारं आणि प्रत्येकावर नाव. पहिल्यावर पुरुष पहिला वर्ग, दुसऱ्यावर पुरुष दुसरा वर्ग, तिसऱ्यावर नुसतंच स्त्रिया. बायकांना वर्ग नाही. कौतुकानं नाही म्हणत, वर्ग द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

आमच्या गाईड एक सत्तरीच्या पुढच्या बाई होत्या, व्हॉलंटियर, पगार नाही काही नाही. इंग्रजी इकडचं, शब्द गिळतात, पण हळू बोला म्हटल्यावर खरंच हळू बोलल्या, परत परत विचारलं तरी कंटाळल्या नाहीत. ह्याचेच अर्धे मार्क. मास्तरीण असल्यानं मला कळतं, रोज तोच धडा शिकवताना आवाजात जीव ठेवणं काय असतं ते.

पहिल्या वर्गाच्या दारानं आत नेलं. आत पाय ठेवला आणि मी खरंच चप्पल काढायला वाकले. जमिनीपासून छतापर्यंत हिरव्या चकचकीत टाइल्स, खाली मोझेकचं काम, जिन्याचे कठडेसुद्धा टाइलचेच, खिडक्यांत रंगीत काचा आणि काचेत खेळाडूंची चित्रं. नगरपालिकेच्या इमारतीत इतकं देखणं काम मी ह्याआधी बघितलं नव्हतं. हात फिरवला तर गार आणि गुळगुळीत, शंभरहून जास्त वर्षं झाली तरी कडा तशाच धारदार. मग बाई म्हणाल्या आता बाकीच्या दोन दारांचं बघा. बघत गेलं की कळतं, जसजसा वर्ग उतरतो तशी सजावट उतरत जाते. जिना तोच, भिंत तीच, इमारत एकच, पण पैसे कुठवर खर्चायचे ते आधीच ठरलेलं.

खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती ऐकली तेव्हा मी बाईंना दोनदा विचारलं की मला बरोबर कळलं ना. इमारतीला स्वतःची विहीर आहे. विहिरीतनं पाणी उपसायचं, तापवायचं आणि आधी पहिल्या वर्गाच्या तलावात सोडायचं. तिथलं वापरून झालं की तेच पाणी दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांना. आणि त्यांचं झालं की बायकांना. म्हणजे पाणी तीन दारांच्या क्रमानंच चाललेलं, आणि शेवटी जे उरेल ते आमचं. लेक म्हणाली आई, एवढं काय झालं तुला. तिला काय सांगायचं? आमच्याकडं पाण्याला क्रम असतो हे शिकवायला पुस्तक लागत नाही. पाणवठा कुणाचा, वरच्या अंगाला कोण भरणार, खालच्या अंगाला कोण, हे आमच्या आज्जीच्या पिढीनं रोज बघितलंय. महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब उतरले ते ह्याच गोष्टीसाठी, आणि मी दरवर्षी २० मार्चला वर्गात ते सांगत आले. गोऱ्यांच्या देशातही पाण्याला उतरंड होती, पैशाची आणि बाईपणाची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बरोबरी करत नाही मी दोन्हीची. इथं दुसऱ्या वर्गाचा माणूस जास्त पैसे देऊन पहिल्या दारानं आत जाऊ शकत होता, जातीला तिकीट मिळत नाही. पण त्या कोरड्या तलावाच्या काठावर उभं राहून पोटात काहीतरी हललं एवढं खरं.

बायकांचा तलाव आकारानंही सगळ्यात लहान. वर काचेचं छत, त्यातनं पांढरा उजेड खाली येतो, तळाशी टाइल्सच्या रेघा, कडेनं कपडे बदलायच्या छोट्या छोट्या खोल्या आणि त्यांना पडदे. मी एका खोलीत जाऊन उभी राहिले. कोपर दोन्हीकडं टेकतात एवढीच जागा. तिथं किती पोरींनी थरथरत कपडे बदलले असतील.

त्यातलीच एक सनी लॉरी. खरं नाव एथेल. जन्म १९११, इथल्याच लाँगसाइट भागातली, ह्याच बाथ्समध्ये सराव करून १९३३ साली इंग्लिश खाडी पोहून गेली, जवळजवळ सोळा तास पाण्यात. अशा पहिल्या काही ब्रिटिश बायकांपैकी ती एक. आणि लोकांनी तिला काय म्हणावं, तर गुडघे उघडे टाकणारा पोहण्याचा ड्रेस घातला म्हणून वाईट चालीची. इंग्लंडमध्ये बरं का, आमच्या गल्लीत नाही. पुढं वर्षानुवर्षं तिनं पोरांना पोहायला शिकवलं, बाथ्स बंद पडले तेव्हा वाचवणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि २००८ साली सत्त्याण्णव्या वर्षी गेली. मी तिचं नाव हातावर पेननं लिहून घेतलं, वही घरी राहिली होती.

आता जरा मागं जाते, कारण हे न्हाणीघराचं प्रकरण मला मुळातनं समजून घ्यायचं होतं, आणि बाईंनी थोडं सांगितलं, थोडं मी घरी येऊन लेकीकडनं वाचून घेतलं. सुरुवात लिव्हरपूलला. १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा किटी विल्किन्सन नावाच्या एका गरीब बाईच्या घरी पाणी तापवायचा बंब होता, अख्ख्या गल्लीत तिच्याकडंच असेल कदाचित. तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, अंथरुणं-कपडे घेऊन या, इथं उकळून धुवा. त्यातनं १८४२ साली तिथं सार्वजनिक धुणीघर निघालं आणि १८४६ साली कायदाच झाला की गावांनी न्हाणीघरं नि धुणीघरं बांधावीत. एका बंबातनं कायदा! आपल्याकडं बंब लग्नात द्यायचे, पितळी नाहीतर तांब्याचा, माझ्या आईचा अजून माळ्यावर आहे.

मँचेस्टरला त्याची गरज किती होती ते लोकसंख्येवरनं कळतं. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास माणसं, पन्नास वर्षांत तीन लाखांच्या वर. सगळी सूतगिरण्यांच्या मागं आलेली. एकेका खोलीत कुटुंबं, तळघरात माणसं राहायची, नळ नाही, संडास कितीतरी घरांत मिळून एक. एंगल्स, तो कार्ल मार्क्सचा जोडीदार, तेव्हा इथंच होता, वडिलांच्या सूतगिरणीत कामाला, त्यानं ह्याच गल्ल्या बघून लिहिलं. घरात न्हाणी नसलेल्यांसाठी ह्या बाथ्समध्ये पोहायच्या तलावांशिवाय आंघोळीच्या टबांच्याही खोल्या होत्या. आठवड्यातनं एकदा यायचं, पैसे द्यायचे, साबण-टॉवेल घ्यायचा आणि टबात बसायचं. अशा जुन्या न्हाणीघरांत नळाची चावी बाहेर नोकराच्या हातात असायची म्हणे, आतनं ओरडायचं, पाच नंबरला अजून गरम सोडा! ह्यांना हे फार आवडलं. घरी आल्यापासून बाथरूममधनं पाच नंबर पाच नंबर ओरडतायत.

विहिरीचं नि बॉयलरचं निघाल्यावर मात्र ह्यांना कुणी थांबवू शकलं नाही. सायझिंगला बॉयलर असतो, सुताला खळ लावायची तर वाफ पाहिजे, त्यामुळं बॉयलर म्हटलं की इचलकरंजीचा माणूस घरचं कुणीतरी भेटल्यासारखा बोलायला लागतो. कोळसा किती लागायचा, प्रेशर किती, फायरमन किती शिफ्टला. बाईंना इंग्रजी कळेना, ह्यांचं इंग्रजी संपलेलं, दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते आणि दोघांना सगळं कळत होतं. शेवटी बाईंनी विचारलं तुमच्या गावात सार्वजनिक बाथ होते का. हे म्हणाले होते की, पंचगंगा. लेकीनं भाषांतर करायच्या आधी मी डोळे वटारले, कारण आता तिथं उतरायची सोय राहिली नाही हे पण सांगावं लागलं असतं. पाण्याचं आमच्या गावाचं काय सांगायचं, सुळकूडच्या नळयोजनेचं पाणी येणार येणार ऐकत माणसं म्हातारी व्हायला लागली.

टर्किश बाथचा भाग बघायलाच पाहिजे. एकामागं एक तीन खोल्या, प्रत्येक आधीपेक्षा जास्त गरम असायची, मग विश्रांतीची खोली, तिथं रंगीत काचेत मोठी देवदूत आहे, पवित्रतेची देवदूत म्हणतात तिला. ऊन आलं तेव्हा तिचा रंग फरशीवर पडला आणि ग्रुपमधली सगळी एकदम गप्प झाली. पण मी गेले तेव्हा ह्या खोल्या गारच होत्या, टर्किश बाथ परत तापवून सुरू करायचं स्वप्न कितीतरी वर्षांचं आहे. जवळच एक एरोटोन नावाचं यंत्र, १९५२ साली बसवलेलं, सार्वजनिक बाथमधलं देशातलं पहिलं. मोठ्या पिंपात गळ्यापर्यंत बसायचं आणि खालनं हवेचे फवारे, सांधेदुखीवर चांगलं. आजचं जकुझी. माझे गुडघे बघता मी त्यात आत्तासुद्धा बसले असते.

शाळांचा विषय मी मुद्दाम काढला. न्हाणीघराशी त्याचा संबंध काय म्हणाल तर आहे. बाई स्वतः शाळेत असताना इथं पोहायला यायच्या, वर्गच्या वर्ग रांगेनं चालत यायचा, हातात टॉवेलची गुंडाळी. आधी पाय धुतले का बघायचे, मगच पाण्यात. परत जाताना ओल्या केसांनी थंडीत चालायचं, पुढच्या तासाला सगळी पोरं क्लोरीनच्या वासाची. एक रुंदी पोहता आली की सर्टिफिकेट. त्यांनी ते अजून ठेवलंय म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा हात आपोआप पाण्यात मारल्यासारखा हलला. बघितलं मी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरणीवाल्या शहरांत पोरं स्वच्छ कुठं होतील, तर घरी नाही, शाळेत किंवा बाथमध्ये. ब्रॅडफर्ड, ते लोकरीचं शहर, तिथं तर १८९० च्या दशकात शाळेतच न्हाणीघर बांधलं. मार्गारेट मॅकमिलन नावाच्या बाई तिथल्या स्कूल बोर्डावर (शाळा चालवणारं, निवडून आलेलं मंडळ) होत्या, पोर उपाशी आणि घाणेरडं असेल तर त्याला पाढे काय शिकवताय असं त्यांचं म्हणणं. आता ह्यावर मी काय बोलू. वर्गात पोर डुलक्या घेतंय म्हणून आवाज चढवावा आणि मग कळावं की रात्री आईबरोबर कांड्या भरत बसलं होतं, हे मी कितीदा केलंय. पहिल्या वर्षी केलं ते अजून आठवतं. पोराचं बोट सुतानं कापलेलं, पाटीवर रक्ताचा ठिपका, आणि मी अक्षर नीट काढ म्हणून ओरडतेय.

इथं त्याला कायद्यानंच नाव होतं, हाफ टाइमर. १८४४ च्या कायद्यानं आठ ते तेरा वर्षांच्या पोरांनी दिवसाला साडेसहा तास गिरणी आणि तीन तास शाळा. म्हणजे गिरणीवाल्याला सहा वाजता ताजं पोर आणि मास्तराला दुपारी दमलेलं. किंवा उलट. वय हळूहळू वाढवत नेलं, पण पद्धत पूर्ण मोडायला १९१८ चा कायदा यावा लागला. आणि काढू नका म्हणणाऱ्यांत नुसते मालक नव्हते, आईबापही होते, कारण पोराचा पगार घरात यायचा. आमच्याकडं पालकसभेत हेच ऐकायचे, बाई, शाळा शिकून तरी मागावरच जायचंय.

१९१८ म्हटल्यावर मी लेकीला म्हटलं, थांब, आपल्या शाहू महाराजांनी १९१७ सालीच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. इथं मोफत आणि सक्तीचं त्याआधीच झालेलं होतं, ते मान्य, १८७० च्या कायद्यानं बोर्डाच्या शाळा निघाल्या, १८९१ पासून फी गेली, पण त्याच कायद्यांच्या पोटात हाफ टाइमर होताच की. आणि १९१९ ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या, सगळी पोरं एका शाळेत. ते वेगळं दारच काढून टाकलं. मी हे बाईंना सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, त्यांनी नाव लिहून घेतलं. दोघींच्या हातावर एकेक नाव.

दारावरनं आठवलं. बसमधनं येताना एक जुनी बोर्ड शाळेची इमारत दिसली होती, आता तिच्यात फ्लॅट. दारांवर दगडात अक्षरं, एकीकडं मुलगे, एकीकडं मुली आणि एकीकडं बालवर्ग. तेव्हा गोड वाटलं होतं, मी फोटोपण काढला. बाथ्सची तीन दारं बघितल्यावर तो फोटो परत उघडून बघितला. शाळा बांधणारं स्कूल बोर्ड वेगळं, न्हाणीघर बांधणारी नगरपालिका वेगळी, पण शहर तेच, गवंडीही तोच असेल, आणि दगडात पहिली गोष्ट काय कोरायची तर कुणी कुठनं शिरायचं.

आणि गंमत बघा, ह्या बाथ्सपासून दहापंधरा मिनिटं चाललं की नेल्सन स्ट्रीटवर ६२ नंबरचं घर, एमेलिन पँकहर्स्टचं. १९०३ साली त्या घराच्या बैठकीत बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी संघटना निघाली. त्या आधी ह्या बाई मँचेस्टरच्या स्कूल बोर्डावर होत्या, १९०० साली निवडून आलेल्या, आणि मास्तरणींना मास्तरांपेक्षा पगार कमी हे त्यांनी तिथं बघितलं. म्हणजे इकडं पोलिसांच्या गाडीत बसायची तयारी चाललेल्या बायका, आणि तीनच वर्षांनी हाकेच्या अंतरावर महापौर येऊन इमारत उघडतात जिच्यात बायकांना तिसऱ्या हाताचं पाणी. पँकहर्स्ट बाई तेव्हा त्याच घरात राहत होत्या. त्या कधी बाथ्समध्ये आल्या का, कुठल्या दारानं, असं मला विचारायचं होतं, राहून गेलं. दोन्ही एकाच दिवशी करा, फक्त तिथलेही वार-वेळा आधी बघा. त्याच भागात प्लायमाउथ ग्रोव्हवर एलिझाबेथ गॅस्केल ह्या लेखिकेचं घर आहे, गिरणी कामगारांवर लिहिणारी. ते आम्ही बाहेरनंच बघितलं, ह्यांचे पाय दुखायला लागले होते.

१९१४ साली इथं बायका-पुरुष एकत्र पोहायला सुरुवात झाली. पहिल्या वर्गाचा मोठा तलाव थंडीत फळ्या टाकून झाकायचे आणि वर नाच व्हायचा, ऑर्केस्ट्रा वगैरे. खाली तलाव, वर जोड्या. शहरातल्या कितीतरी लग्नांची सुरुवात त्या फळ्यांवर झाली असणार. पुढं घराघरात बाथरूम आले, नवीन पूल झाले, खर्च परवडेना आणि १९९३ साली नगरपालिकेनं बंद केलं. लोकांनी त्याच वर्षी वाचवायला संघटना काढली. दहा वर्षं नुसती गळती, कबुतरं. मग २००३ ला टीव्हीवर पडक्या इमारतींची स्पर्धा झाली, प्रेक्षकांनी फोनवरनं मतं द्यायची, आणि अख्ख्या देशातनं हे न्हाणीघर पहिलं आलं. चौतीस लाख पौंड मिळाले. एवढ्यात सगळं होत नाही, दर्शनी भाग झाला, छतं झाली, बाकी अजून चालूच आहे. खर्चासाठी लग्नाला भाड्यानं देतात, शूटिंगला देतात. काही भिंतींवर अजून रंगाचे पोपडे लोंबतायत, आणि मला ते बरं वाटलं. सगळं गुळगुळीत केलं असतं तर पहिला वर्ग आणि तिसरं दार ह्यातला फरकच दिसला नसता.

आता कामाचं. आत थंडी असते, जूनमध्येसुद्धा स्वेटर घ्या, मी शालीवर भागवलं आणि नाक गळत परत आले. फिरायला दीड तास धरा. जिने आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश. फोटो काढू देतात. शेवटी चहा आणि केक मिळाला, चहा त्यांच्या पद्धतीचा म्हणजे रंगीत गरम पाणी, केक मात्र घरच्यासारखा. इंग्रजी कच्चं असेल तर कुणाला तरी बरोबर न्या, कारण खरी मजा सांगण्यातच आहे, नुसत्या टाइल्स बघून अर्ध्या तासात बाहेर पडाल. लहान पोरांना आवडेल, पडद्यांमागं लपाछपी खेळत होती दोन. मार्क द्यायचे तर पाचापैकी साडेचार. अर्धा कापला तो पाणी नाही म्हणून, त्यांची चूक नाही पण टॉवेल उगाच वागवला ना मी.

जेवायला करी माइल ह्या देशी हॉटेलांच्या रस्त्यावर गेलो, जवळच आहे, त्याबद्दल लिहायचं नव्हतं पण राहवत नाही. हॉटेलचं नाव घेत नाही. मेनूत शाकाहारी थाळी लिहिलेली, आली ती गोड डाळ, न शिजलेले चणे आणि पापड तेलात बुडवून काढलेला. तिखट द्या म्हटल्यावर पोऱ्यानं टोमॅटो सॉस आणून ठेवला. ह्यांनी पिशवीतनं कांदा-लसणाच्या चटणीची डबी काढली, टेबलावर ठेवली, शेजारच्या टेबलवरच्या माणसानं वाकून बघितलं, त्यालाही दिली. त्यानं चमचाभर घेतली. नंतर तो बराच वेळ पाणी पीत होता.

वेळ उरला तर पिकॅडिली स्टेशनामागं मेफिल्ड नावाची नवी बाग झालीय, मेडलॉक नदी तिथं परत उघडी केली आहे. तिथंच १८५७ सालचे मेफिल्ड बाथ्स होते, ते दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनी गेले, वर काँक्रीट झालं, आणि २०२० ला खणताना तलावाच्या टाइल्स जशाच्या तशा सापडल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, बागेत बसलो. नदी अगदी बारकी आहे, आमच्या ओढ्याएवढी. हे काठावर उभं राहून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, एवढ्याशा पाण्यावर एवढं मोठं गाव चालवलं ह्यांनी. मी म्हटलं चला, बस येईल. टॉवेल तेवढा बाकावर पसरायला उपयोगी आला.